खुर्च्या मोजल्या, कामे कोण मोजणार?

३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी भारत संचार निगमचे ७८ हजारांहून अधिक आणि महानगर टेलिफोन निगमचे १४ हजारांहून अधिक कर्मचारी नोकरीतून मोकळे झाले. मिळून ९२ हजारांवर माणसे. ना टाळेबंदी, ना संप, ना लाठीमार. ठिकठिकाणच्या टेलिफोन कचेऱ्यांत निरोपसमारंभ झाले आणि दुसऱ्या दिवसापासून टेबलामागून टेबले रिकामी दिसू लागली. भारत संचार निगममधले तर जवळपास निम्मे मनुष्यबळ एका रात्रीत कमी झाले.

एखाद्या खासगी कारखान्यातून नव्वद हजार माणसे गेली असती, तर देशभर हलकल्लोळ झाला असता. इथे मात्र सर्वसाधारण प्रतिक्रिया होती, 'बरे झाले, नाही तरी ते काय काम करत होते?' ही प्रतिक्रिया कठोर आहे, पण निराधार नाही. ज्यांनी नव्वदच्या दशकापर्यंतचा काळ पाहिला आहे, त्यांना टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे लावलेले नंबर आठवतात. फोन घरात आल्यावर पावसाळ्यात तो आठवडेच्या आठवडे 'डेड' पडलेला आठवतो. तक्रार नोंदवूनही न येणारा आणि दिवाळीला मात्र न चुकता येणारा लाइनमन आठवतो. सरकारी नोकरकपातीची बातमी आली की सामान्य माणसाच्या मनात पहिल्यांदा हा जुना हिशेब जागा होतो.

पण राग हा हिशेब नव्हे. सरकारी नोकऱ्या खरोखर लागतात का, लागत असतील तर कोणत्या आणि किती, या प्रश्नाचे उत्तर रागाने मिळत नाही. त्यासाठी या ९२ हजार नोकऱ्यांची कथाच नीट पाहायला हवी.

आकड्यांमागचा आकडा

२०१९ मध्ये सरकारने संसदेत जी आकडेवारी दिली, ती कोणालाही चक्रावून टाकणारी होती. भारत संचार निगमच्या उत्पन्नातले सुमारे ७५ टक्के पैसे पगारावर खर्च होत होते. महानगर टेलिफोन निगममध्ये हेच प्रमाण ८७ टक्क्यांच्या घरात होते. खासगी कंपन्यांत ते तीन ते सहा टक्के होते. रुपयातले बारा आणे पगारातच जात असतील, तर नवी यंत्रे कशातून घ्यायची, हा सवाल बिनतोड वाटतो.

मात्र टक्केवारी ही दोन आकड्यांची जोडी असते. वरचा आकडा वाढला तर ती वाढते, तशी खालचा आकडा घटला तरीही वाढते. भारत संचार निगमची स्थापना १ ऑक्टोबर २००० रोजी झाली, तेव्हा दूरसंचार खात्याचे तीन लाखांहून अधिक कर्मचारी तिच्याकडे आले. हा एवढा मोठा संसार सांभाळूनही २००४-०५ साली निगमला दहा हजार कोटी रुपयांच्या आसपास नफा झाला होता. ग्रामीण सेवेचा भार उचलल्याबद्दल खासगी कंपन्यांकडून मिळणाऱ्या शुल्काचा त्याला हातभार होता, हेही खरे. पुढे २००८ मध्ये ते शुल्क बंद झाले. २०१० मध्ये थ्री-जी आणि ब्रॉडबँडच्या स्पेक्ट्रमसाठी निगमला सुमारे साडेअठरा हजार कोटी रुपये मोजावे लागले. २००९-१० पासून तोटा सुरू झाला, तो वाढतच गेला.

मग २०१६ साल उजाडले. खासगी क्षेत्रात फोर-जीची स्वस्त सेवा आली आणि मोबाईलचे दर कोसळले. या लढाईत भारत संचार निगमला देशभर फोर-जी देण्यासाठी लागणारा स्पेक्ट्रमच मिळालेला नव्हता. तो देण्याचा निर्णय २३ ऑक्टोबर २०१९ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. स्वेच्छानिवृत्तीची योजना मंजूर झाली, तीही त्याच दिवशी, त्याच बैठकीत.

म्हणजे कर्मचारी तीन लाखांवर होते तेव्हा नफा होता आणि दीड लाखांवर आले तेव्हा तोटा होता. पगाराचा वाटा फुगला तो मुख्यतः उत्पन्न आटल्यामुळे. कर्मचारी जास्त नव्हते असा याचा अर्थ नाही. तारा, खांब आणि जुन्या यंत्रांच्या काळात जेवढे हात लागत, तेवढे नव्या यंत्रणेत लागत नाहीत, हे उघड आहे. पण घर गळते म्हणून माणसे कमी करायची आणि कौले तशीच ठेवायची, असा काहीसा हा प्रकार होता. शिवाय खासगी कंपन्यांशी केलेली तुलनाही सरळ नव्हती. त्यांच्या टॉवरची देखभाल, ग्राहकसेवा, केबल टाकणे अशी बरीच कामे बाहेरच्या संस्था करतात. ती माणसे कंपनीच्या पगारपत्रकावर दिसत नाहीत, एवढेच.

स्वेच्छा कुणाची?

योजना स्वेच्छेची होती. पन्नाशी पूर्ण केलेल्या कायम कर्मचाऱ्याला अर्ज करता येत होता. झालेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी ३५ दिवसांचा आणि उरलेल्या प्रत्येक वर्षासाठी २५ दिवसांचा पगार, अशी सानुग्रह रक्कम ठरली. ४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर २०१९ अशी महिन्याभराची मुदत होती.

रक्कम वाईट नव्हती. अनेकांनी ती आनंदाने घेतली, काहींनी मुलांच्या शिक्षणाला लावली, काहींनी घराचे कर्ज फेडले. तरीही 'स्वेच्छा' हा शब्द उच्चारताना त्या वर्षीचे वातावरण विसरता येत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये निगमच्या इतिहासात प्रथमच कर्मचाऱ्यांचे पगार वेळेवर झाले नाहीत. पुढच्या महिन्यांतही उशीर होत राहिला. निवृत्तीचे वय ६० वरून ५८ वर येणार, अशा वावड्या उठत होत्या. पगाराची तारीख उलटून जाते, घरात कर्जाचा हप्ता उभा असतो, मुलगी बारावीला असते, आणि समोर 'आता घेतलेत तर एवढे मिळेल' असा कागद येतो. अशा वेळी सही स्वेच्छेची असते की धास्तीची, हे ठरवणे अवघड असते.

या व्यवहारात एका वर्गाची तर गणतीच झाली नाही. ठेकेदारांमार्फत वर्षानुवर्षे तेच काम करणाऱ्या कामगारांचे पगार २०१९ मध्ये कित्येक महिने थकले होते. त्यांना ना सानुग्रह रक्कम होती, ना निवृत्तिवेतन, ना निरोपसमारंभ.

जे सोपे ते कापले

या योजनेतला मूळ दोष पैशांत नाही, निकषात आहे. निकष होता वय. कोणते काम अनावश्यक झाले आहे, हे पाहून त्या कामावरची माणसे कमी झाली नाहीत. ज्यांचे वय पन्नासच्या वर होते आणि ज्यांना जावेसे वाटले, ते गेले. त्यात टेबलावर वेळ काढणारे होते, तसे जमिनीखालची केबल कुठल्या वळणावर कुठे फुटते, हे नकाशा न पाहता सांगणारेही होते. तीस वर्षांत डोक्यात साठलेले ते ज्ञान कुठल्याही फाइलीत नोंदवलेले नव्हते. पुढे दुरुस्तीची कामे मोठ्या प्रमाणावर ठेकेदारांकडे गेली. काम संपले नव्हते, ते करणाऱ्याचे नाव आणि पगार तेवढा बदलला.

मोठ्या नोकरकपातीत असे वारंवार घडते. अमेरिकेचे ताजे उदाहरण याच्या नेमके उलट टोकाचे आहे आणि म्हणूनच बोलके आहे. तिथे २०२५ च्या सुरुवातीला नव्या प्रशासनाने संघराज्य सरकारची नोकरशाही छाटण्याची मोहीम हाती घेतली. जुन्यांना नोकरीचे संरक्षण असल्याने कुऱ्हाड आधी पडली ती परिवीक्षा काळातल्या, म्हणजे नव्याने लागलेल्या कर्मचाऱ्यांवर. फेब्रुवारी २०२५ मध्ये अण्वस्त्रांची देखभाल पाहणाऱ्या संस्थेतल्या शेकडो कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केल्याची पत्रे गेली. ही माणसे काय काम करतात, हे ध्यानात आल्यावर काही दिवसांतच बहुतेकांची पत्रे मागे घेण्याची वेळ आली. पक्ष्यांच्या साथीवर, म्हणजे बर्ड फ्लूवर काम करणाऱ्या काही कर्मचाऱ्यांच्या बाबतीतही असेच झाले.

भारतात वयाने मोठे गेले, अमेरिकेत नवे गेले. दोन्हीकडे तत्त्व एकच, जे काढायला सोपे ते काढायचे. काम नको झाले आहे का, हा प्रश्न नंतर. शेतातले तण काढायला गेलेल्या माणसाने हाताला सहज लागेल ते उपटावे, आणि मग बांधावर बसून त्यात पीक किती गेले ते पाहावे, तसे हे.

फायदा किती झाला?

कपातीचा फायदा झालाच नाही, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. भारत संचार निगमचा वेतनखर्च सुमारे निम्म्यावर आला. २०१९-२० मध्ये तोटा १५ हजार ५०० कोटींच्या आसपास होता, तो २०२०-२१ मध्ये ७ हजार ४४१ कोटींवर उतरला. मात्र तिथून तो आपोआप खाली येत राहिला नाही. २०२२-२३ मध्ये तो पुन्हा आठ हजार कोटींच्या वर गेला. कपातीने एकदाच दिलासा दिला, धंदा दिला नाही.

धंद्यासाठी जे हवे होते, ते उशिरा आले. चिनी सामग्री नको म्हणून २०२० मध्ये फोर-जीची निविदा रद्द झाली आणि देशी बनावटीच्या यंत्रणेची वाट पाहावी लागली. जुलै २०२२ मध्ये १ लाख ६४ हजार कोटी रुपयांचे, तर जून २०२३ मध्ये ८९ हजार कोटी रुपयांचे साहाय्य सरकारने मंजूर केले. अखेर २७ सप्टेंबर २०२५ रोजी देशी फोर-जी यंत्रणेचे देशव्यापी उद्घाटन झाले. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ या तिमाहीत निगमने २६२ कोटींचा नफा दाखवला. २००७ नंतरचा हा पहिला तिमाही नफा होता. पण २०२४-२५ या पूर्ण वर्षाचा ताळेबंद तोट्याचाच राहिला आणि पुढच्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीतही पुन्हा तोटा झाला. माणसे कमी करून जो प्रश्न सुटेल असे सांगितले गेले होते, तो यंत्रे, स्पेक्ट्रम आणि वेळेवर घेतलेले निर्णय यांचा होता, हे या आकड्यांवरून दिसते.

न गाजणारी कपात

स्वेच्छानिवृत्तीची निदान बातमी झाली. सरकारी नोकऱ्यांची सर्वांत मोठी कपात मात्र गाजावाजा न करता होते. तिचे नाव 'रिक्त पद'. माणूस निवृत्त होतो, जागा भरली जात नाही, आणि काम शेजारच्या टेबलावर सरकते.

पाचव्या वेतन आयोगाने जानेवारी १९९७ च्या अहवालात केंद्राचे मनुष्यबळ दहा वर्षांत ३० टक्क्यांनी कमी करावे आणि रिकामी असलेली सुमारे साडेतीन लाख पदे रद्द करावीत, अशी शिफारस केली होती. सरकारने पगारवाढ दिली, कपात बाजूला ठेवली. त्या वेळी यावर बरीच टीका झाली. पण पुढे काय झाले ते पाहावे. १ मार्च २०२१ रोजी केंद्र सरकारची मंजूर पदे होती ४० लाख ३५ हजार आणि त्यांतली ९ लाख ७९ हजार पदे रिकामी होती. म्हणजे जवळपास चारातली एक खुर्ची मोकळी. यांत एकट्या रेल्वेची सुमारे २ लाख ९३ हजार पदे होती. ही पदे 'नको' असा निर्णय कोणी घेतलेला नव्हता. तशी गरज नसती तर ती रद्द करता आली असती. ती कागदावर हवी होती आणि प्रत्यक्षात नव्हती. ऑक्टोबर २०२२ मध्ये रोजगार मेळावे भरवून दहा लाख पदे भरण्याची मोहीम सरकारला सुरू करावी लागली, यातच सारे आले.

ज्या देशात एकीकडे 'सरकारी माणसे फार झाली' असे बोलले जाते, त्याच देशात तलाठी कार्यालयात, आरोग्य केंद्रात, न्यायालयात 'माणूसच नाही' हे उत्तर ऐकावे लागते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. माणसे जिथे नकोत तिथे आहेत आणि हवीत तिथे नाहीत. सरसकट टक्केवारीने केलेली कपात ही विसंगती दूर करत नाही, वाढवते.

नोकरी गेली म्हणजे काय गेले?

सरकारी नोकरीकडे केवळ खर्चाची बाब म्हणून पाहणे हेही अपुरे आहे. राज्यघटनेच्या ३११ व्या अनुच्छेदाने सरकारी सेवकाला चौकशीविना बडतर्फ न होण्याचे संरक्षण दिले, ते आळशांना पाठीशी घालण्यासाठी नव्हे. वरिष्ठाच्या किंवा पुढाऱ्याच्या चुकीच्या हुकुमाला 'नाही' म्हणणाऱ्याची रोजीरोटी जाऊ नये, हा त्यामागचा विचार होता. त्या संरक्षणाचा गैरफायदा घेणारे निघाले, हे दुर्दैव. पण उद्या ज्याचे कंत्राट संपणार आहे, तो आज कोणाला 'नाही' म्हणू शकेल?

दुसरी गोष्ट सामाजिक आहे. अनेक दलित, आदिवासी आणि मागास कुटुंबांत मासिक पगाराची पहिली नोकरी आली ती टपाल, रेल्वे, टेलिफोन किंवा नगरपालिकेतून. आरक्षण त्या कायम पदांना होते. पद संपून तेच काम ठेक्यावर गेले, की आरक्षणही बहुतेक वेळा तिथेच संपते. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने खासगी संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय घेतला, तेव्हा स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले रस्त्यावर उतरली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो निर्णय रद्द झाला. त्या मुलांना नुसता पगार नको होता, आपण पात्रतेने मिळवलेली आणि कोणाच्या मर्जीवर नसलेली जागा हवी होती.

कसोटी कोणती?

मग कोणती नोकरी आवश्यक आणि कोणती नाही? कसोटी फार गुंतागुंतीची नाही. हे काम उद्या बंद पडले तर अडणार कोणाचे, आणि ज्याचे अडेल त्याला दुसरा मार्ग आहे का, एवढेच विचारायचे.

मुंबई-दिल्लीत सरकारी फोन बंद पडला, तर माणूस संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कंपनीचे कार्ड घेतो. डोंगरातल्या पाड्यावरच्या माणसाला ती सोय नसते, कारण तिथे टॉवर उभारणे कोणत्याही खासगी कंपनीला परवडत नाही. जुलै २०२२ मध्ये सरकारने फोर-जी न पोहोचलेल्या २४ हजार ६८० गावांसाठी २६ हजार ३१६ कोटींची योजना मंजूर केली. ते काम कोणाकडे सोपवले? याच भारत संचार निगमकडे. तोट्यातली, कालबाह्य, नको झालेली म्हणून जिची हेटाळणी होत होती, तिचीच शेवटी आठवण झाली.

हीच कसोटी उलट बाजूनेही लावली पाहिजे. १५ जुलै २०१३ पासून देशातली तार सेवा बंद झाली. वर्षाला शंभर कोटींवर खर्च आणि उत्पन्न एक कोटीही नाही, अशी तिची स्थिती होती. तारेची जागा मोबाईलने घेतली होती, कोणाचे काही अडत नव्हते. ती बंद करणे योग्यच होते. तिथले कर्मचारी मात्र घरी बसवले गेले नाहीत, निगमच्या दुसऱ्या विभागांत त्यांना काम देण्यात आले. केंद्र सरकारकडे जादा ठरलेल्या कर्मचाऱ्यांना दुसऱ्या खात्यात सामावून घेण्याची पद्धत १९६६ पासून आहे. काम संपले म्हणून माणूस संपत नाही. त्याला नवे काम शिकवता येते. त्याला वेळ आणि नियोजन लागते, आणि घाईने केलेल्या कपातीत नेमकी त्याचीच वानवा असते.

टाळी एका हाताने नाही

कर्मचारी संघटनांनाही या प्रश्नातून अंग काढून घेता येणार नाही. पगार, भत्ते आणि निवृत्तिवेतनासाठी जेवढी एकजूट दिसते, तेवढी खिडकीसमोर ताटकळणाऱ्या माणसासाठी कधी दिसली? कामचुकार सहकाऱ्याला संघटनेने एकदा तरी खडसावले, असे किती वेळा घडले? ९२ हजार माणसे गेली तेव्हा ग्राहकाच्या डोळ्यांत पाणी आले नाही, ही त्या संघटनांनी मनाला लावून घेण्याची गोष्ट आहे. नोकरीचे खरे संरक्षण कलमात नसते, ते जनतेच्या सदिच्छेत असते. ज्या पोस्टमनने म्हातारीला मनीऑर्डर घरी नेऊन दिली, ज्या नर्सने पुरातून वाट काढत लस पोहोचवली, त्यांची नोकरी अनावश्यक आहे असे कोणी म्हणत नाही.

सरकारनेही कपातीचा आकडा जाहीर करण्याआधी कामांची यादी जाहीर करावी. कोणते काम थांबवणार, कोणते यंत्राकडे देणार, कोणते ठेक्यावर जाणार आणि ठेक्यावरच्या माणसाला काय मिळणार, हे लोकांना आधी कळू द्यावे. वयाची पन्नाशी किंवा नोकरीतले नवखेपण हा निकष नव्हे. निकष काम हाच असू शकतो. खुर्च्या मोजायला एक दुपार पुरते. कामे मोजायला महिने लागतात आणि बऱ्याच जणांची नाराजी पत्करावी लागते. तेवढे कष्ट घेण्याची तयारी नसेल, तर होणारी काटकसर कागदावरच राहते आणि तिची किंमत फोन, टपाल, रेल्वे आणि दवाखान्यावाचून ज्यांचे अडते, त्या घरांनी मोजायची असते.